धातुपौष्टिक

रविवार, ६ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, "सावंतबाई, राग आला की बोलू नका, लिहा. प्रेशर आपोआप खाली येईल." म्हणून ही वही. पहिल्याच दिवशी अख्खी भरेल एवढा राग घेऊन बसले आहे.

आज सोसायटीची मीटिंग होती. आमच्या बिल्डिंगच्या मागे, जंगलखात्याच्या भिंतीपर्यंत, सोसायटीच्याच मालकीचा एक पट्टा आहे. ऐनाची झाडं आहेत, कुडा आहे, करवंदीची जाळी आहे. भांडुपचा डोंगर तिथूनच चढायला लागतो. आमचा सेक्रेटरी नितेश सगळ्यांना मोबाइलवर फोटो दाखवत होता. पेव्हर ब्लॉक, त्यावर प्लास्टिकची हिरवळ आणि मधोमध लाल रंगाचं भलंमोठं हृदय. त्या हृदयात बसून फोटो काढायचे. याला तो 'ग्रीन लाउंज' म्हणतो. हिरवं आहे ते गाडायचं आणि वर नाव ग्रीन!

मी उठून म्हटलं, तिथे काळी मुसळी आहे. दरवर्षी जूनमध्ये ऐनाखाली तिला पिवळी फुलं येतात. पूर्वी हा सगळा डोंगर तिचा होता. आता आपल्याकडे तेवढ्या पट्ट्यात उरली आहे.

"कुठे आहे काकू? मी कालच बघून आलो. नुसती माती आणि पाचोळा आहे."

"जमिनीखाली कंद आहे. उन्हाळ्यात झोपतो तो."

"झोपतो? मग मेंटेनन्स कोण भरतं त्याचा?"

सगळे हसले. पंचवीस वर्षं मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत विज्ञान शिकवलं, चाळीस चाळीस कार्ट्यांचे वर्ग गप्प बसवले आणि हा जिममध्ये दंड फुगवलेला माणूस मला 'काकू, चिल करा ना' म्हणतो. तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, कारण डॉक्टरांनी बोलू नका असं सांगितलं होतं.

शेवटी चेअरमन धम्मपाल मध्ये पडले. सज्जन माणूस, आवाज चढवत नाहीत. म्हणाले, "जूनपर्यंत थांबू. फुलं आली आणि लोकांना वाटलं की ही जागा ठेवण्यासारखी आहे, तर ठेवू. नाहीतर ब्लॉक बसवू." हात वर झाले, ठरलं.

म्हणजे आता सगळं त्या फुलांवर आहे. आणि या लोकांना काय वाटतं त्यावर. फुलांची मला काळजी नाही.

बुधवार, ९ एप्रिल

घरी यांना सगळं परत सांगितलं. हे म्हणजे दत्ताराम. गिरणी बंद पडल्यावर यांनी वायरमनचं काम केलं, आता घरी असतात. सगळं ऐकून म्हणाले, "माका काय वाटता, तू जरा हळू बोलाक व्हया होता."

चाळीस वर्षं हेच ऐकते आहे. हळू बोलून कुणाचं काय वाचलंय आजवर?

बुधवार, १४ मे

परवा पट्ट्यात कुणीतरी डेब्रिज टाकलं. फुटक्या लाद्या, सिमेंटचे गठ्ठे, एक अख्खं कमोड. ऐनाच्या बुंध्याशी, बरोब्बर माझ्या जागेवर! नितेशच्या घराचं काम चालू आहे, पण तो म्हणतो आमचं नाही. कमोडवर नाव लिहिलेलं नसतं हे खरंच.

मी आणि संघमित्राने दोन संध्याकाळी खपून ते उचललं. संघमित्रा म्हणजे धम्मपालची बायको. पोस्टात आहे, मूळची वाशीमकडची. तोंडाने माझ्याहून फटकळ, पण हसत हसत. कमोड ढकलताना म्हणाली, "ताई, रिटायर झाल्यावर माणसं काशीला जातात. तुम्ही मला कुठे आणलंत बघा."

मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याने एका शब्दात लाउंज मोडीत काढला असता तर इथे यावं लागलं नसतं."

"तो एका शब्दात आजवर काहीच बोललेला नाही," ती म्हणाली.

मंगळवार, २७ मे

पाऊस लवकर आला. बाकी काही लिहिण्यासारखं नाही. रोज सकाळी मागे जाऊन जमीन बघून येते.

मंगळवार, ३ जून

आली!

ऐनाच्या मुळांमधून कोंब वर आले आहेत. पानं नारळाच्या कोवळ्या रोपासारखी, घड्या पडलेली. आणि पानांच्या बुडाशी, मातीला अगदी चिकटून, सहा पाकळ्यांची पिवळी फुलं. या फुलाला आपलं उंच मिरवायची हौसच नाही. बघायचं तर माणसानेच वाकावं लागतं. मी चक्क चिखलात बसले. गुडघे नंतर दुखले, दुखू देत.

डोळ्यांत पाणी आलं हे लिहून ठेवते. वहीला काय लपवायचं?

बुधवार, ४ जून

कमिटी बघायला आली. नितेश चपला भरतील म्हणून कडेलाच उभा. धम्मपाल वाकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "एवढीशीच असतात का बाई?"

एवढीशीच! मग काय सूर्यफुलाएवढी हवी होती?

नितेश म्हणाला, "काकू, खरं सांगू का, नुसतं छान आहे म्हणून लोक ऐकणार नाहीत. याचा यूज काय? लोकांना बेनिफिट काय?"

गाढवाला गुळाची चव काय. फूल आहे, हजारो वर्षं इथे आहे, तुझ्या आजोबाच्या आधीपासून आहे, हे पुरेसं नाही. त्याचा उपयोग हवा. बरं. उपयोग हवा ना? मग उपयोग सांगते. येत्या पंधरा तारखेला, रविवारी, मीटिंगमध्ये शेवटचा निर्णय आहे. त्याच्या आत यांच्या डोळ्यांत अंजन घालते.

गुरुवार, ५ जून

आज पर्यावरण दिन. मुहूर्त चांगला साधला. प्लायवूडच्या फळीवर ऑइलपेंटने बोर्ड लिहिला. मजकूर आयुर्वेदाच्या पुस्तकातून घेतला, म्हणजे कुणी शंका काढायला नको:

'काळी मुसळी. दुर्मीळ रानवनस्पती. पिवळी फुले जूनमध्ये. कंद अत्यंत औषधी, शक्तिवर्धक व धातुपौष्टिक. कृपया जपावी.'

हे बाजूला उभे राहून वाचत होते. मध्येच म्हणाले, "गो, तां धातूचा लिव नको."

"का? लोकांना लोखंडाचा कारखाना वाटेल?"

"तसा नाय... लोक वायच..." आणि थांबले. कान लाल झाले होते. उन्हाने असतील.

"लोक काय? बोला की स्पष्ट."

"काय नाय," म्हणाले आणि आत गेले.

शरीरात सात धातू असतात. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र. शाळेत मुलांना सांगितलंय मी हे. त्यांना पोषक ते धातुपौष्टिक. यात खालमानेने बोलण्यासारखं काय आहे? वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात कुणी त्या शब्दाच्या घाणेरड्या जाहिराती देत असेल, तर शब्दाने काय पाप केलं? मी शब्द मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिला. संध्याकाळी बोर्ड रोवला.

शनिवार, ७ जून

मला माझ्याच डोळ्यांवर विश्वास बसत नाही. माणसं येत आहेत! काल संध्याकाळी पाच-सहा जण होते, आज सकाळी त्याहून जास्त. बोर्डाचे फोटो काढतात. सी विंगमधले बाळा परब, ज्यांनी एप्रिलच्या मीटिंगमध्ये सगळ्यात आधी लाउंजसाठी हात वर केला होता, ते आज माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि शिष्यासारखे प्रश्न विचारत होते.

"वहिनी, कंद किती खोल असतो हो?"

"वीतभर. सरळ खाली जातो. बाहेरून काळा, आतून पांढरा."

"आणि घेतात कसा?"

"वाळवून पूड करतात, दुधातून घेतात. तसं पुस्तकात आहे. वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये पण."

"बरोबर, बरोबर," म्हणाले आणि मागे उभे असलेल्यांकडे बघून हसले. तेही हसले. माणसाला जमिनीवर बसल्यावर पुन्हा पोरासारखा आनंद होतो तो असा.

एक मात्र खटकलं. सगळे पुरुषच. एकही बाई आली नाही. आम्हा बायकांना मालिकांतून सवड मिळेल तर ना!

रविवार, ८ जून

नितेशसुद्धा आला. आज काकू नाही, 'मॅडम' म्हणाला. "मॅडम, तुम्ही आधीच सांगायला पाहिजे होतं यार हे. मी ग्रुपवर टाकला बोर्डचा फोटो. बाजूच्या टॉवरवाल्यांना पण पाठवला. झकास रिस्पॉन्स आहे."

मी म्हटलं, "मग लाउंज?"

"लाउंजचं बघू आपण. आधी हे महत्त्वाचं."

आधी हे महत्त्वाचं! नितेशच्या तोंडून! शाळेत मी नेहमी सांगायचे, ढ मूल नसतं, नीट समजावलेलं नसतं.

संघमित्रा संध्याकाळी खाली उतरली, पहिल्यांदाच बोर्ड वाचला. तोंडावर पदर घेतल्यासारखी ओढणी धरली. "ताई, हे तुम्ही लिहिलंत?"

"अक्षर माझंच आहे की."

तिला हसू आवरेना. "ताई, अहो... हे काढा बरं तुम्ही." आणि पुन्हा हसायला लागली. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती तशीच गेली. एवढं हसण्यासारखं काय होतं? शुद्धलेखन तपासलं. 'दुर्मीळ' दीर्घच आहे.

रात्री जेवताना यांनी पुन्हा काढलं. "बोर्ड काढूया, आयक माझा."

मी म्हटलं, "चार माणसं माझ्या शब्दाने जमिनीकडे वळली, ते तुम्हालाच बघवत नाही का?" हे भात अर्धा टाकून उठले.

मंगळवार, १० जून

वटपौर्णिमा. अक्षर वाकडं येतंय.

सकाळी आम्ही सगळ्या बायका देवळाजवळच्या वडाकडे गेलो होतो. रांग मोठी होती. उपास, ऊन, त्यात नवऱ्यांना दीर्घायुष्य मिळो म्हणून सात फेरे. परत आले, पूजेचं ताट हातात होतं तशीच सवयीने मागे गेले.

सगळं उकरलेलं होतं.

ऐनाच्या मुळांपासून करवंदीच्या जाळीपर्यंत खड्डेच खड्डे. पहार, खुरपं, कुणी तर घरातला झारा आणला होता, तो तिथेच टाकून गेला. पानं ओरबाडून फेकलेली. फुलं चिखलात तुडवलेली. एक कंद अर्धा मोडून राहिला होता, आतला पांढरा भाग दिसत होता. माझा बोर्ड मात्र जागच्या जागी. त्याच्यावर बनियन टांगून कुणीतरी काम केलं असणार, चिखलाचा हात लागला होता.

मी तिथे उभी राहून एवढ्या मोठ्याने ओरडले की बी विंगच्या खिडक्या उघडल्या. खिडक्यांत बायका. एकही पुरुष नाही! आत्तापर्यंत शिष्य होते, आता सगळे गुप्त.

आणि मग कळलं. सात धातू. सातवा. इतके दिवस ते सगळे बोर्डाचा फोटो का काढत होते, फुलाचा का नाही, परब मागे बघून का हसले, संघमित्रा का हसली. मला सोडून अख्ख्या सोसायटीला तो शब्द कळला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वीतभर खोल, सरळ खाली, दुधातून घ्या! मीच सांगितलं, अगदी फळ्यावर लिहून दिल्यासारखं.

लाज वाटत नाही मेल्यांना! खाली बायका यांच्या आयुष्यासाठी उपाशी झाडाभोवती फिरतायत आणि हे मागच्या मागे कसली शक्ती उपसतायत! नातवंडं झालेली माणसं!

घरी आले तर हे पलंगावर बसलेले. नखांत माती, लेंग्याला चिखल, चष्म्याची काडी मोडलेली. माझं भानच गेलं. "तुम्हीसुद्धा? या वयात? तुम्हालाही हवी होती?" आणखीही बोलले. चाळीस वर्षांत बोलले नव्हते असं बोलले. यांनी उठून हात धुतले.

उपास सोडला नाही. कुणासाठी सोडायचा आणि कुणासाठी धरला होता!

बुधवार, ११ जून

संघमित्रा ऑफिसातून थेट वर आली. हातात प्लास्टिकची पिशवी. ती टेबलावर आपटली. आत काळे तुकडे, उकडून लिबलिबीत झालेले.

"आमच्या घरात सापडलं. दुधाच्या पातेल्यात. चेअरमनसाहेब! मी विचारलं हे काय, तर म्हणतो सगळे घेत होते, मी एकटा नाही म्हटलं तर बरं दिसत नाही."

ती हसायला लागली, पण या वेळी हसता हसता डोळे पुसले. तिने कधी नव्हे तो आवाज खाली आणला. "ताई, मी त्या दिवशी हसत बसायला नको होतं. नीट सांगायला पाहिजे होतं."

"तू सांगितलंस. काढा म्हणालीस."

"आणि काकांना लागलं नाही ना फार?"

"कुणाला?"

तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला बोलले नाहीत? काल ते एकटेच आडवे गेले होते त्यांना. ऐनापाशी जाऊन बसले, उठेचनात. धम्मपाल सांगत होता. नितेश म्हणाला, काका, रागावता कशाला, तुमच्यासाठीपण ठेवतो ना. सगळे हसले. मग कुणीतरी दंडाला धरून उचललं, त्यात चष्मा पडला."

ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहिले. हे बाहेर पेपर वाचत होते, काडीला दोरा बांधलेल्या चष्म्यातून. तांदळाच्या भाकऱ्या केल्या आणि तव्यावरची भाकरी तशीच गरम ताटात वाढली. म्हणाले, "तूय बस. कालपासून उपाशी आसस."

रविवार, १५ जून

मीटिंग. मी बोलायला उठले तर समोर सगळ्या माना खाली. परब नाक पुसत होते. मला वाटलं, निदान लाज तरी आहे.

नितेशला तीही नाही. "मॅडम, आपण ठरवलं होतं, फुलं असतील तर जागा ठेवायची. आता तिथे काहीच नाहीये ना? जमीनपण उकरून झालीये, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरचं अर्धं काम वाचलं."

"कुणी उकरली?" मी विचारलं.

परबांनी पुन्हा रुमाल काढला.

"ज्यांनी उकरली त्यांनी हात वर करा आणि मग बसवा तुमचे ब्लॉक."

हे माझ्या शेजारी बसले होते. हे उठले. मीटिंगमध्ये आजवर यांनी तोंड उघडलेलं नाही. म्हणाले, "तुमका लाज वाटाक व्हयी." एवढंच बोलून बसले. आवाज हळूच होता.

मग मतदान झालं. धम्मपालनी हात वर केला नाही, खालीही ठेवला नाही. छातीपर्यंत आणून थांबवला. ब्लॉक मंजूर झाले. बायकांपैकी बऱ्याच जणी विरोधात होत्या. आता! पण मत घराला एकच, आणि ते नवऱ्याच्या नावावर.

शुक्रवार, २७ जून

ब्लॉक बसले. हृदय अजून यायचं आहे. बोर्ड मी स्वतः उपटून आणला आणि धातुपौष्टिक हा शब्द सुरीने खरवडला. ऑइलपेंट निघत नाही, प्लायवूडच निघालं. फळी फेकून दिली.

या लोकांवर राग आहे, तो आहेच. पण जास्त राग त्या बाईवर आहे, जी बोर्ड लिहीत होती आणि ऐकत नव्हती. तिला कुठे गाठू?

शनिवार, ५ जुलै

ब्लॉक संपतात तिथून जंगलखात्याच्या भिंतीपर्यंत हातभर जमीन उरली आहे. तिथे पाणी साचतं म्हणून कॉन्ट्रॅक्टरने सोडली. आज सकाळी गेले तर भिंतीच्या कडेला, दगडाच्या आडोशाला, ती दिसली. एकच रोप. घड्यांची पानं आणि बुडाशी एक पिवळं फूल.

मी खाली बसले. आनंद व्हायला हवा होता, पण मी आधी आजूबाजूला बघितलं. कारण ब्लॉकवरून फूल स्वच्छ दिसत होतं. नुसत्या पानांना कुणी ओळखत नाही, चुगली करतं ते फूल. आणि आता या सोसायटीत प्रत्येक पुरुषाला ते फूल ठाऊक आहे. मीच ओळख करून दिली आहे.

मी ते खुडलं. नखाने, अगदी मातीलगत.

तेवढ्यात मागून आवाज आला. "बाई, तुम्ही सावंतबाई ना?" बी विंगमध्ये मागच्या आठवड्यात राहायला आलेली जान्हवी. तिशीची असेल, हातात छत्री, सलवारीला चिखल. "मी ऐकलं इथे काळी मुसळी यायची म्हणून. आमच्या गावच्या राईत असायची. लहानपणी आम्ही खेळायचो त्या फुलांशी. मग तिथली राईच गेली. मला एकदा नुसती बघायची होती हो. एखादं तरी राहिलंय का?"

ती काही मागत नव्हती. फोनसुद्धा काढला नव्हता. एप्रिलपासून मी ज्या माणसाची वाट बघत होते ते माणूस माझ्यासमोर उभं होतं, आणि तिची नजर माझ्या पायाशी असलेल्या पानांवर गेली.

"हे काय आहे?"

"काही नाही," मी म्हटलं. "गवत आहे."

"बरं," म्हणाली. छत्री सावरली आणि गेली. मी मूठ उघडली नाही.

कंद जिवंत आहे तोवर फुलं येत राहणार. उद्या एखादं नवीन उमलेल. कुणी उठायच्या आत जाऊन तेही खुडलं पाहिजे.